कडू औषध आणि दोन वर्षांचं पोर
अगो, नाक दाबून, आडवं पाडून औषध ओतू नकोस. ठसका लागून ते श्वासनळीत जाऊ शकतं. मांडीवर ताठ बसव. घरातल्या चमच्याने माप चुकतं, म्हणून मेडिकलमधून तोंडाने औषध द्यायची बिनसुईची सिरिंज आण. बाटली नीट हलव. सिरिंजचं टोक गालाच्या आत, हिरडीलगत ठेव, अर्धा-एक मिली सोड, गिळू दे, मग पुढचं. जिभेच्या मधोमध सोडलंस तर थुंकणारच. आधी चमचाभर गार शहाळ्याचं पाणी दिलंस तर कडवटपणा कमी जाणवतो. पेजेच्या वाटीत मात्र औषध कालवू नकोस: अर्धी पेज उरली की डोसही अर्धाच पोटात जातो, शिवाय पोर पेजच नको म्हणायला लागतं. उलटी झाली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा देऊ नकोस.