घरी कुणी शिकलेलं नाही, मुलाखतीत काय सांगू?

प्रश्न : ताई, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील चौथी शिकलेत, यंत्रमागावर कामाला आहेत. आई शाळेत गेली नाही, विड्या वळते. घरात आम्ही तेलुगू बोलतो. कॉलेजात एक कंपनी आली होती. 'सस्टेनेबिलिटी म्हणजे काय?' विचारल्यावर माझी बोबडीच वळली. माझी मैत्रीण प्राध्यापकांची मुलगी. ती छान बोलली, तिची निवड झाली. वडील काय करतात, यावर मी 'बिझनेस' म्हणाले. आईवडील शिकलेले असते तर मी मागे पडले नसते ना?

उत्तर : अगं, तुझं म्हणणं मी खोडून काढणार नाही, त्यात तथ्य आहे. शिकलेल्या घरात जेवता जेवता कानावर पडतं: अर्ज कसा लिहायचा, साहेबाशी कसं बोलायचं, ओळखीचं कोण कुठे नोकरीला आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याला 'सांस्कृतिक भांडवल' म्हणत. ते पैशासारखंच वारशाने येतं, आणि कॉलेजं पुष्कळदा त्यालाच हुशारी समजतात. मैत्रिणीला तो प्रश्न नवा नव्हता, तुला होता.

हे आईवडिलांकडून मिळणार नाही, तर दुसरीकडून घे. प्लेसमेंटच्या सरांना गाठ. तुझ्यासारख्याच घरातून शिकून नोकरीला लागलेल्या मुली शोध. विचारताना संकोच वाटेल. पण बाकीच्या मुली हेच घरी बाबांना विचारतात.

आता सस्टेनेबिलिटी, म्हणजे शाश्वतता: आजची गरज भागवताना उद्याच्यांचं पाणी, जमीन, हवा संपवायची नाही. पर्यावरणाचा सक्तीचा पेपर तूही दिला असशील, पण त्याचा तुझ्या घराशी संबंध आहे हे कुणी सांगितलं नाही. वडिलांना विचार: टॉवेलचं सूत रंगवायला पाणी किती लागतं, ते पुढे जातं कुठे? चिंध्यांचं काय होतं? सुती धाग्याशी रासायनिक बंध जोडून पक्के बसणाऱ्या 'रिॲक्टिव्ह' रंगांना भरपूर मीठ लागतं, आणि ते खारं, रंगीत पाणी शुद्ध करणं फार अवघड. सेंद्रिय कापसाच्या कापडाला मिळणारं 'गॉट्स' प्रमाणपत्र रसायनं, सांडपाणी आणि कामगारांची स्थिती, तिन्ही तपासतं. परदेशातलं गिऱ्हाईक जे कागदावर मागतं, त्यातलं बरंच तुझे वडील रोज डोळ्यांनी बघतात.

एक मात्र सांभाळ. 'आमच्या घरी काहीच वाया जात नाही' असं गोड उत्तर देऊ नकोस. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आपण जपून वापरतो, ती नाइलाजाची काटकसर. आईच्या छातीत तंबाखूची धूळ जाते, वडिलांच्या कापसाची. कामगाराचं आरोग्य टिकत नसेल तर तो धंदा शाश्वत कसला? एवढं तुझ्या शब्दांत बोललीस, तर समोरचा कान देऊन ऐकेल.

आणि ते 'बिझनेस'. मला राग नाही आला गं, पोटात तुटलं. त्या खोलीत त्या क्षणी किती एकटं वाटलं असेल तुला! पुढच्या वेळी सरळ सांग, वडील यंत्रमाग कामगार आहेत, आई विडी कामगार. त्यानंतर बोलण्यासारखं तुझ्याकडे पुष्कळ असेल.

येत्या शनिवारी कॉलेज सुटलं की वडिलांचा डबा घेऊन कारखान्यात जा. वही ने. मग सूत रंगवून येतं त्या रंगखान्यातही जा आणि तिथल्या जुन्या माणसाशी तेलुगूत बोल. तुझ्या मैत्रिणीला तिथे दुभाषी लागला असता. काय लिहून आणलंस ते मला कळव, वाट बघते.