न्यायाधीश व्हायचंय, तर लॉ पाच वर्षांचं की तीन?

प्रश्न : आम्ही पंढरपूरला राहतो. मुलगी बारावी सायन्सला आहे. दहावीपासून तिचं एकच चाललंय, न्यायाधीश व्हायचं. माझे दीर म्हणतात, आधी बीएस्सी होऊ दे, हातात पदवी राहील, मग तीन वर्षांचं एलएलबी. क्लासच्या सरांनी एका खासगी विद्यापीठाच्या बीबीए एलएलबीचं माहितीपत्रक दिलंय, फी वर्षाला चार लाख. बीएला ‘लीगल स्टडीज’ घेतलं तरी चालतं, असंही कुणी सांगितलं. आमची ऐपत बेताची आहे. काय करावं?
– एक आई

उत्तर : ताई, शेवटच्या पर्यायावर आधी काट मारा. नुसतं ‘बीए लीगल स्टडीज’, सायबर लॉ किंवा कामगार कायद्याचा डिप्लोमा, यांवर वकिलीची सनद, म्हणजे परवाना, मिळत नाही. सनदेसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेलं एलएलबीच लागतं, आणि तेही वर्गात बसून केलेलं. घरबसल्या एलएलबी करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरीची अट आहे.

आता खरा प्रश्न. सनद देताना किंवा न्यायाधीशपदाची परीक्षा घेताना बीए एलएलबी, बीबीए एलएलबी, मुंबई विद्यापीठाचं बीएलएस एलएलबी आणि पदवीनंतरचं तीन वर्षांचं एलएलबी यांत कुणीही डावं-उजवं करत नाही. बीबीएमध्ये पहिली काही सत्रं व्यवस्थापन, हिशेब हे विषय येतात, बीएमध्ये राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र. कंपन्यांच्या कायदा विभागात जायचं असेल तर बीबीए उपयोगी पडतं. तालुक्याच्या कोर्टात न्यायदानाला बसणाऱ्या मुलीला त्यासाठी वीस लाख मोजायचं कारण नाही.

दिरांचा सल्ला वाईट नाही, पण त्याचा हिशेब मांडून बघा. बीएस्सी तीन आणि एलएलबी तीन म्हणजे सहा वर्षं, एकत्रित अभ्यासक्रमाला पाच. फरक एका वर्षाचा. बीएस्सीवाल्या मुलीला पदवी लवकर हाती येते, त्यामुळे राज्यसेवेसारख्या स्पर्धा परीक्षांचा रस्ता आधी खुला होतो. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात ती सोय नाही. मधूनच बाहेर पडून अर्धी पदवी घेता येत नाही, आणि दुसरी पदवी आहे म्हणून थेट तिसऱ्या वर्षातही शिरता येत नाही. त्यामुळे दोन वर्षांनी मन उडालं तर ती दोन वर्षं पाण्यात. मन पक्कं नसेल तर दिरांचं ऐका. आणखी एका कारणासाठी बीएस्सी फायद्याची आहे, पेटंटचं काम. पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, कायद्याची नाही. दोन्ही असलेल्या माणसाला त्या क्षेत्रात मागणी असते. तुमच्या मुलीने दहावीपासून एकच धरून ठेवलंय, तेव्हा तिने पाच वर्षांचं बीए एलएलबी घ्यावं.

पण तुम्हाला बहुधा कुणी न सांगितलेली गोष्ट पुढेच आहे. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या, म्हणजे न्यायाधीशपदाच्या पहिल्या पायरीच्या, परीक्षेला बसण्यासाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा लागू केली. आधी महाराष्ट्रात चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली मुलं कॉलेजातून थेट या परीक्षेला बसत. आता पाच वर्षांचं शिक्षण आणि तीन वर्षं प्रॅक्टिस, मग अर्ज. जिल्हा कोर्टात सिनिअरकडे ज्युनिअर म्हणून काम करताना हाती जे पडतं, त्यात जाण्यायेण्याचा खर्च निघाला तरी खूप. म्हणून पैसे फीवर संपवू नका, या तीन वर्षांसाठी राखून ठेवा. घर चालवायला मधल्या काळात पूर्णवेळ पगाराची नोकरी धरली की सनद स्थगित करावी लागते आणि वर्षं मोजणं थांबतं. बऱ्याच जणांचं गणित इथे बिघडतं.

ही वर्षं तात्पुरती सनद मिळाल्यापासून धरली जातात. किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचा दाखला आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता लागते. तेव्हा पहिल्या महिन्यापासून वकीलपत्रावर तिचं नाव असू दे, आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, हजेरी नोंदली गेलेल्या तारखांची एक वही ठेवू दे. सिनिअरच्या कचेरीत नुसती टिपणं काढत बसलेल्याला दाखल्याच्या वेळी धावाधाव करावी लागते. तात्पुरती सनद घेतल्यावर ती कायम करायला अखिल भारतीय बार परीक्षाही आहे. खुल्या आणि ओबीसी गटाला 45 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के गुण लागतात. नोंदणीची फी मात्र आता अंगावर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै 2024 च्या निकालानुसार खुल्या गटासाठी 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपये, याहून जास्त घेता येत नाहीत.

प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची पाच वर्षांच्या लॉची सीईटी द्यायची. ती मराठीतूनही देता येते, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. बारावीला खुल्या गटाला 45 टक्के पुरतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही प्रवेश परीक्षा वेगळी. 120 प्रश्न, दोन तास, फक्त इंग्रजी, चुकीला पाव गुण वजा, आणि ती बारावीच्या बोर्डाआधीच डिसेंबरात होते. तिने द्यावी, हरकत नाही. पण तिथल्या फीसाठी कर्ज काढून ते फेडायला नोकरीच धरावी लागणार असेल, तर वर सांगितलेली तीन वर्षं कुठून आणणार? पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज किंवा मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय मिळालं तर उत्तमच. नाही तर सोलापूर परिसरातलं अनुदानित कॉलेजही चालेल. अट एकच, त्या वर्षाची बार कौन्सिलची मान्यता कागदावर स्वतः बघायची. मान्यता लटकलेली असली की मुलं पाच वर्षं शिकतात आणि सनदेच्या अर्जापाशी अडकतात.

जिल्हा-तालुका न्यायालयांचं कामकाज मराठीत चालतं. इंग्रजी कच्चं आहे म्हणून तिने घाबरू नये, आणि मराठी निकालपत्र वाचायचा कंटाळाही करू नये. पुस्तकं घेताना 1 जुलै 2024 पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांचा नवा कायदा, बघून घ्या. त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या दंड संहितेखाली अजून चालू आहेत, तेव्हा ती प्रतही रद्दीत टाकू नका.

अधिवास दाखला आताच काढा. तुम्ही आरक्षणात येत असाल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमी लेअरचे अर्जही याच महिन्यात द्या. प्रवेशफेरी सुरू झाल्यावर वैधतेची पावती हातात घेऊन कचेरीच्या दारात उभं राहण्याची वेळ येऊ नये.