पाळणाघरात दिवसभर नुसता खेळतो हो!

मार्च संपत आला की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आईबाबांचा सूर बदलतो. एरवी हट्ट, जेवणाच्या कटकटी, अंथरूण ओलं करणं. उन्हाळा लागला की एकच काळजी: ‘शाळेला सुट्टी, आम्ही दोघं नोकरीवर, पोर दिवसभर पाळणाघरात. नुसतं खेळतं. दोन महिने फुकट चाललेत.’ दरवर्षी हे इतक्या जणांकडून ऐकते, की या वेळी एका कुटुंबाची गोष्ट त्यांच्या परवानगीने लिहायला घेतली. नावं अर्थातच बदलली आहेत.

स्नेहा डोंबिवलीची, नोकरी फोर्टात. ओजस साडेचार वर्षांचा, जूनमध्ये मोठ्या शिशूत जाणार. सकाळी आठच्या आत तो काकूंच्या पाळणाघरात पोचतो आणि संध्याकाळी सातला घरी येतो. पहिल्याच भेटीत स्नेहाने पर्समधून तीन माहितीपत्रकं काढून टेबलावर मांडली. फोनिक्स (अक्षरांच्या उच्चारांवरून इंग्रजी वाचन), अबॅकस (मण्यांच्या पाटीवरची आकडेमोड) आणि एक विज्ञान शिबिर. शाळेने सुट्टीसाठी दिलेली लेखनाची वही वेगळीच.

‘यातल्या कशात घालू, एवढंच सांगा मॅडम.’

‘काकूंकडे तो दिवसभर काय करतो?’

‘खेळतो. नुसता खेळतो.’

‘कशाशी? कोणाबरोबर?’

ती थांबली. ‘ते कधी विचारलं नाही. मी विचारते, आज काय शिकवलं. तर काकू म्हणतात, सुट्टी आहे ना, खेळू दे की.’

पुढच्या वेळी ओजसचे बाबाही आले. त्यांचा मुद्दा सरळ होता. ‘मोठ्या शिशूत लिहिता आलं नाही तर मागे पडेल. रोज एक पान तरी गिरवायला नको का?’ मी त्यांना मनगटाबद्दल सांगितलं. जन्मतः बाळाच्या मनगटातली आठही हाडं कूर्चेची, म्हणजे मऊ आणि लवचीक असतात. ती एकेक करून टणक होत जातात आणि शेवटच्या हाडाला वयाची साधारण ९ ते १२ वर्षं लागतात. साडेचार वर्षांच्या हाताला पेन्सिलीआधी मळायला कणीक हवी, पिळायला ओलं फडकं हवं, सोलायला मटार हवेत. हे काकूंकडे होत असेल तर लेखनाची तयारी चालूच आहे. बाबांना ते पटलं. स्नेहाला पटलं नाही, आणि ते मला दिसत होतं. मी वाद घातला नाही. म्हटलं, एक दिवस अर्धी रजा टाका आणि काकूंच्या परवानगीने स्वयंपाकघरात, मुलांच्या नजरेआड बसा. काही करायचं नाही, फक्त बघायचं.

ती बसली. नंतर माझ्याकडे आली तेव्हा तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं मांडायचा प्रयत्न करते.

चारची वेळ. मधल्या खाण्याला कलिंगड होतं. ताटल्या मांडायचं काम ओजसकडे होतं. तो आकडे मोजत नव्हता, एकेका मुलाचं नाव घेत ताटली ठेवत होता. दुसरीतली एक मुलगी म्हणाली, ‘एक जास्त झाली.’ हा म्हणाला, ‘नाही, बाळ झोपलंय ना. उठल्यावर मागेल.’ मग प्रत्येक ताटलीत एकेक फोड ठेवत गेला, तर शेवटच्या दोन ताटल्या रिकाम्या राहिल्या. तो काकूंकडे गेला, ‘दोन कमी.’ काकूंनी सुरी उचलली नाही. विचारलं, ‘मग काय करूया?’ ओजस परत आला, सगळ्या ताटल्यांवरून नजर फिरवली आणि सगळ्यात मोठ्या दोन फोडींवर बोट ठेवलं. ‘याचे अर्धे करा, आणि याचे.’ काकूंनी केले. खाऊ सुरू झाला.

एवढंच. पाचेक मिनिटांचा प्रकार. पण त्यात काय काय आहे ते बघा. प्रत्येक मुलामागे एक ताटली ही संगती म्हणजे मोजणीचा पाया. दोन कमी पडले ही वजाबाकी, जी वहीत यायला अजून अवकाश आहे. समोर नसलेल्या बाळाची आठवण, तीही न सांगता. आणि अडचण आली तेव्हा रडायचं नाही, उपाय शोधायचा. कुठल्या शिबिरात हे सगळं एका बैठकीत शिकवतील?

हे सांगताना स्नेहाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी गप्प राहिले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘मला वाटायचं, तो तिथे माझी वाट बघत दिवस काढतो. पण तसं नाहीये मॅडम. त्याची तिथे माणसं आहेत.’

ती तिची ती इथवर यावी म्हणून मी थांबले होते. माहितीपत्रकं पहिल्याच दिवशी बाजूला सारता आली असती. पण त्या कागदांमागे वेगळीच गोष्ट होती. मूल दिवसभर माझ्यावाचून राहतं, मग त्याची भरपाई तरी भरभक्कम व्हायला हवी. क्लासची फी म्हणजे त्या भरपाईचा हप्ता. अशी खंत मनात असलेल्या आईला ‘खेळातून शिक्षण’ कितीही समजावलं तरी तिचं समाधान होत नाही. तिला आधी आपलं मूल सुखात आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं लागतं. आणि बहुतेक घरांत ही खंत एकट्या आईच्याच वाट्याला येते. म्हणून बाबांना भेटीला बोलावल्याशिवाय मी पुढे जात नाही.

माझी बैठक गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणाच्या प्रवर्तकांच्या विचारांतली आहे, हे लपवायचं कारण नाही. ताराबाईंनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते कोसबाडला नेलं. शिक्षणाचं साहित्य कुठलं, तर शंख-शिंपले, बिया, पानं, खडे. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मग काकूंच्या दोन खोल्यांत चिंचोके, आंब्याच्या बाठी आणि पाण्याचं घमेलं असेल तर उणं काय आहे? शिवाय सुट्टीत शाळकरी मुलंही दिवसभर तिथेच असतात. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींनी तीन ते सहा वर्षांची मुलं मुद्दाम एकत्र बसवली. पाळणाघरात लहानमोठ्यांची ही सरमिसळ आपसूक होते. आजोळच्या सुट्टीशी त्याची तुलना करून हळहळू नका. पाळणाघर आजोळ नाही, आणि व्हायची गरजही नाही.

मात्र पाळणाघर कसंही चालेल असं मी म्हणत नाही. एका कुटुंबाला मी चक्क मूल तिथून काढायला सांगितलं होतं, कारण तिथे सकाळपासून टीव्ही लावून मुलं समोर बसवलेली असायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं चांगली धावपळीची. पडद्यासमोर एका तासाहून जास्त नको, तोही जितका कमी तितका बरा. झोप दुपारची धरून १० ते १३ तास. काकूंना हेच विचारा. ऊन चढायच्या आत आणि उतरल्यावर मुलं बाहेर जातात का? दुपारी निजतात का? पाणी मागावं लागतं की मधूनमधून दिलं जातं? एवढ्या मुलांमागे मोठी माणसं किती? आणि अंगावर जुने कपडे घालून पाठवा. कपडे मळले म्हणून मूल ओरडा खात असेल तर ते हात आखडूनच बसणार.

संध्याकाळी मुलाला ‘आज काय शिकलास?’ विचारू नका. या वयात दिवसभराचं आठवून सांगणं अवघड असतं, ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. काकूंना विचारा, ‘आज कशात रमला होता?’ आणि तोच धागा घरी पुढे न्या. काकूंकडे चिंचोके, तर घरी लसूण सोलायला शेजारी बसवा. गप्पा आपोआप निघतात.

पाळणाघरात रुळलेलं मूल तिथे जायच्या नावाने रोज रडायला लागलं, खाणं-झोप बिघडली, कोणा एका माणसाला बघून आक्रसायला लागलं, तर थांबू नका, लगेच चौकशी करा. बोलणं वयाच्या मानाने मागे वाटलं किंवा हाकेला ओ देत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ही कामं कुठलंही उन्हाळी शिबिर करणार नाही.

ओजसला शेवटी फक्त पोहायला घातलं, तेही त्याला पाण्याचं वेड आहे म्हणून. फोनिक्स-अबॅकसचे पैसे वाचले. स्नेहाने शाळेत जाऊन वहीबद्दल बोलायचं ठरवलं आहे, बाबाही सोबत जाणार आहेत. तुमचं मूल शाळेनंतर पाळणाघरात जात असेल तर जूनमध्येही एवढं पाळा: गृहपाठ तिथे उरकून घ्या अशी गळ काकूंना घालू नका. शाळा सुटल्यानंतरचा तिथला वेळ मुलाला मोकळाच राहू द्यात.