व्हॅन तुमचीच, पण रात्रीतून आणू नका

प्रश्न : आम्ही गेवराई तालुक्यातले. आठवडी बाजारात कटलरीचं दुकान लावतो. जुनी व्हॅन बायकोच्या नावावर आहे. पाव्हण्याला घाटी दवाखान्यात दाखवून निघालो आणि क्लच गेला. टोचन करून गाडी छत्रपती संभाजीनगरातल्याच एका गॅरेजला लावली. क्लचचे ७,५०० सांगितले, ३,००० आगाऊ दिले. व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवलं होतं की दुसरं काही खोलायचं असेल तर आधी फोन करा. आठ दिवसांनी २६,८०० चं बिल सांगितलं. हेडचं काम केलं, रेडिएटर बदलला म्हणतात. पैसे दिल्याशिवाय गाडी नाही, वर रोजचे २०० पार्किंग, महिन्याभरात नाही नेली तर विकून टाकू म्हणतात. दुसरी चावी आमच्याकडे आहे. भाचा म्हणतो, रात्री जाऊन घेऊन येऊ. आणावी का?

उत्तर : नका आणू. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरी कशाला म्हणायचं याची उदाहरणं दिली आहेत, त्यात एक घड्याळाचं आहे. दुरुस्तीचे पैसे देणं बाकी आहे, दुरुस्त करणाऱ्याने त्यापोटी घड्याळ कायदेशीरपणे अडवून ठेवलंय, आणि ते तारण बुडवायच्या इराद्याने मालकाने घड्याळ काढून नेलं, तर ती चोरी. मालकाने स्वतःच्याच घड्याळाची केलेली! तुमच्या हिशेबानेही गॅरेजवाल्याचे ४,५०० निघतातच. भाच्याला एवढं वाचून दाखवा आणि ती चावी वहिनींच्या डब्यात ठेवा.

गाडी अडवायचा हक्क त्याला भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० ने दिला आहे. वस्तूवर मेहनत वा कसब खर्च करणाऱ्याला रास्त मोबदला मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. पण हा हक्क सोपवलेल्या कामापुरताच. सोपवलं होतं ते क्लचचं काम. हेड आणि रेडिएटरचे पैसे मागायचे तर तुमची संमती होती हे त्याला दाखवावं लागेल, आणि इथेच तुम्ही पाठवलेला तो आवाज कामाला येतो. तो मेसेज पुसू नका, फोन विकू नका, बदलू नका. समोरून एक युक्तिवाद मात्र नक्की येईल : काम तर झालं, गाडीला फायदा झाला, मग फुकट कसं? त्यामुळे प्रकरण ग्राहक आयोगात गेलं आणि आयोगाने त्यातलं थोडंफार द्यायला लावलं तर नवल नाही. एक छदामही देऊ नका, असा सल्ला मी देणार नाही.

पार्किंगचे २०० आधी ठरले नसतील तर बिनबुडाचे आहेत. गॅरेजने जॉबकार्ड, म्हणजे गाडी घेताना काम लिहून देतात तो कागद, दिलं असेल तर त्याची मागची बाजू भिंग लावून वाचा, असल्या अटी तिथेच छापलेल्या असतात. आणि विकायचं म्हणाल तर अडवून ठेवणं वेगळं, विकणं वेगळं. गहाण घेणाऱ्याला कायदा विक्रीचा हक्क देतो, मिस्त्रीला देत नाही. विकलीच तर प्रकरण फौजदारी विश्वासघातावर जातं. तरी एक विचारतो : आरसी किंवा सही केलेले फॉर्म २९, ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे) गाडीच्या डॅशबोर्डात तर नाहीत ना? जुन्या गाड्यांत लोक हेच करून ठेवतात. असतील तर आजच गॅरेजला जा, गाडी बघायची म्हणून सांगा आणि कागद तेवढे काढून आणा.

आता पत्र लिहा. मराठीत, एका पानाचं, वहिनींच्या सहीने, स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सअॅपवरही. काम फक्त क्लचचं ठरलं होतं, उरलेले ४,५०० द्यायला तयार आहोत, प्रत्येक सुट्या भागाचं आणि मजुरीचं वेगळं पक्कं बिल द्या, काढलेले जुने भाग दाखवा. बिल न देणं हीसुद्धा ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. रास्त रक्कम पुढे करूनही गाडी अडवली, तर त्याच्या हक्काचा पायाच हलतो.

तरी नाहीच दिली तर बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, संभाजीनगरच्या खेपा नकोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची. गाडी आधी सोडण्याचा अंतरिम आदेशही मागता येतो. धंद्याची गाडी आहे, तुम्ही ग्राहकच नाही, असं समोरचा म्हणेल. पण पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला कायदाच ग्राहक मानतो, तेव्हा बाजाराच्या पावत्या जपून ठेवा. गाडी वहिनींच्या नावावर असल्याने तक्रारीत त्यांचं नाव पहिलं घाला. महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. गेवराईच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे विचारा, नाहीतर १५१०० ला फोन लावा.

पण आयोगाच्या तारखा पडत राहतील आणि दर आठवड्याचे बाजार बुडतील, हेही खरं. आठवड्याला दोन हजार जात असतील तर दहा हजारांसाठी तीन महिने भांडणं परवडत नाही. मधली रक्कम ठरली तर द्या, फक्त पावतीवर 'हरकत राखून रक्कम दिली' असं लिहा आणि 'पूर्ण समाधान' असल्या कागदावर सही करू नका. म्हणजे तक्रारीचा रस्ता उघडा राहतो. पैसे शेकडा पाचने कुणाकडून उचलू नका; वीस हजारांना महिन्याचे हजार रुपये नुसतं व्याज जाईल, आणि परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. आधी वहिनींच्या बचत गटात विचारा.

गाडी ताब्यात घेताना मीटरचा फोटो काढा, मिस्त्रीसमोर चालू करून सगळे गिअर टाकून बघा, स्टेपनी आणि जॅक मोजून घ्या. जुनी क्लच प्लेट मागून घ्या. नाही म्हणाला तर त्याचं ते बोलणंही फोनमध्ये राहू द्या.