कायदा-सल्ला : एक जण रूम सोडून गेला, भाडे कोणी भरायचे?

प्रश्न : आम्ही परभणी व हिंगोली जिल्ह्यांतील तिघे मित्र छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाजवळ, बेगमपुऱ्यात, रूम घेऊन राहतो. अकरा महिन्यांचा करार केवळ नोटरी केलेला असून त्यावर तिघांच्याही सह्या आहेत. १५,००० रुपये डिपॉझिट रोख दिले, पावती मिळाली नाही. दिवाळीनंतर एक जण कायमचा गावी गेला. घरमालक त्याचा वाटा आम्हा दोघांकडे मागतात आणि डिपॉझिट रंगकामात कापून घेऊ म्हणतात. आम्ही काय करावे?
— एक विद्यार्थी

उत्तर : तुम्हाला न आवडणारा भाग आधी सांगतो. करारात प्रत्येकाचा वाटा स्वतंत्र लिहिलेला नसेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ नुसार संपूर्ण भाडे तुमच्यापैकी कोणाही एकाकडे मागता येते. तुमची आपसांतील वाटणी मालकांवर बंधनकारक नाही. गेलेल्या मित्राकडून त्याचा वाटा वसूल करण्याचा हक्क तेच कलम तुम्हाला देते, परंतु मित्रावर दावा कोण लावतो? त्यापेक्षा मालकांची लेखी संमती घेऊन तिसरा जोडीदार आणणे सोयीचे.

आता मालकांची बाजू पाहू. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (ठराविक मुदतीपुरती जागा वापरू देण्याचा) करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. महत्त्वाचे म्हणजे, असा नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तरीही डिपॉझिटची रक्कम नमूद करून मालकांना आजच व्हॉट्सॲपवर संदेश पाठवा आणि यापुढे भाडे रोख न देता यूपीआयने द्या.

रंगाचे म्हणाल, तर ओल येऊन सुटलेले पोपडे तुमच्या माथी मारता येणार नाहीत. गॅसच्या धुराने काळी झालेली भिंत किंवा फुटलेली काच मात्र तुमचीच. खोलीचे फोटो काढून ठेवा. शेवटचे भाडे डिपॉझिटमधून परस्पर वळते करण्याची पद्धत विद्यार्थ्यांत फार आहे. मालकांनी लेखी होकार दिल्याशिवाय तसे करू नका.

परीक्षा लांबणार असेल, तर मुदत संपण्यापूर्वीच मुदतवाढ लिहून घ्या, कारण मुदतीनंतर खोली अडवून ठेवल्यास याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते.