अलीकडच्या कोणत्या गुन्हेगारी वेब मालिका शेवटपर्यंत पाहण्याजोग्या आहेत?

आपण विचारले आहे की, ओटीटीवरील थरारक आणि गुन्हेगारी मालिका चार-पाच पाहून झाल्या की पुढच्या सगळ्या एकसारख्याच वाटू लागतात, तेव्हा शेवटी खरोखर धक्का देतील अशा अलीकडच्या मालिका कोणत्या. मी या मालिका गेली काही वर्षे नेमाने पाहत आले आहे, परंतु धक्क्यावरून निवड करणे मी सोडून दिले आहे, आणि त्याला कारण माझा धाकटा भाऊ. ‘कोहरा’चा पहिला भाग मी जेमतेम संपवला होता, तोच त्याने खुनी कोण हे बोलता बोलता सांगून टाकले. दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. मग उरलेले पाच भाग काहीशा रागानेच पाहिले आणि लक्षात आले की आपले फारसे काहीच हरवलेले नाही. तेव्हापासून माझी कसोटी एवढीच आहे की, गुन्हेगार ठाऊक असतानाही मालिका पाहवते का.

आपल्याला जो एकसुरीपणा जाणवतो त्याचे मूळही मला धक्क्याच्या हव्यासातच दिसते. शेवटच्या दहा मिनिटांत प्रेक्षक चकित व्हावा म्हणून आधीचे सहा-सात भाग माहिती दडवत आणि संशयाची सुई एकाकडून दुसऱ्याकडे फिरवत काढावे लागतात. अशा मालिकेत माणसे उरत नाहीत, संशयित तेवढे उरतात. आणि संशयित सगळीकडे सारखेच दिसतात.

या कसोटीवर सर्वांत ठामपणे उतरलेली मालिका म्हणजे मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ‘ॲडोलेसन्स’. चार भागांची ही ब्रिटिश मालिका रहस्याचा प्रश्न पहिल्याच भागात निकालात काढते. (ज्यांना एवढेही कळायला नको असेल त्यांनी या परिच्छेदाचा उरलेला भाग आणि पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.) तेरा वर्षांच्या मुलाला शाळेतल्याच एका मुलीच्या खुनाच्या संशयावरून पोलीस सकाळी सकाळी दार फोडून घरातून घेऊन जातात, आणि भाग संपता संपता चित्रफितीचा पुरावा त्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या समोर ठेवतात. उरतो तो प्रश्न ‘का’ हा, आणि त्याचेही सरळ उत्तर कोणी देत नाही. प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केलेला आहे याची चर्चा पुष्कळ झाली, पण त्यामागची कसरत मला तितकी महत्त्वाची वाटत नाही. कॅमेरा मध्ये तुटत नसल्यामुळे पोलीस ठाण्यातील कंटाळवाणा वेळसुद्धा गाळता येत नाही, हे मला अधिक मोलाचे वाटले. बोटांचे ठसे, रक्ताचा नमुना, अंगझडती, वकिलाची वाट पाहणे हे सगळे आपल्याला त्या मुलाबरोबर आणि त्याच्या बापाबरोबर सोसावे लागते.

तिसऱ्या भागात मानसशास्त्रज्ञ बाई त्या मुलाला भेटायला येतात, तेव्हा त्याच्यासाठी सँडविचचा अर्धा तुकडा घेऊन येतात. त्यातले लोणचे आपल्याला आवडत नाही असे तो म्हणतो, आणि तरीही पुढे बोलण्याच्या ओघात त्याचा एक घास घेतो. भेट संपल्यावर, खोलीत एकट्या उरलेल्या त्या बाई तो तुकडा उचलायला जातात आणि त्यांचा हात मागे येतो. तासभर ज्या मुलाविषयी आपल्याला माया आणि भीती आळीपाळीने वाटत होती, त्याच्याविषयीची सगळी घालमेल त्या उष्ट्या तुकड्यात येऊन थांबते. कितीही अनपेक्षित शेवट घडवला तरी हे साधत नाही.

आपल्याकडच्या मालिकांपैकी मी सर्वांत आधी ‘केरला क्राइम फाइल्स’चे नाव घेईन. २०२३ मध्ये आलेल्या पहिल्या सीझनमध्ये कोचीतील एका सामान्य लॉजमध्ये एका स्त्रीचा खून होतो, आणि पोलिसांच्या हाती लागते ती लॉजच्या नोंदवहीतील एकच ओळ: शिजू, पारयिल वीडु, नींडकरा. नाव, घराचे नाव आणि गाव. पत्ता खोटा आहे. एवढ्या तुटपुंज्या धाग्यावरून तपास सुरू होतो आणि कोणत्याही अधिकाऱ्याला एकाएकी दिव्यदृष्टी न होता तो पुढे सरकतो. कोणीतरी चौकशी करून रिकाम्या हाताने परत येते, कोणालातरी एखाद्या जबाबातील फुटकळ शब्द खटकतो, मग पुन्हा पायपीट. कथा २०११ सालातील असल्यामुळे प्रत्येक गोष्टीला सीसीटीव्ही आणि मोबाइलचे लोकेशन हे उत्तर नाही, हेही तिच्या पथ्यावर पडले आहे. जून २०२५ मध्ये आलेला दुसरा सीझन बेपत्ता झालेल्या एका पोलिसाच्या शोधाचा असून त्यात पोलीस श्वानपथकाला जे स्थान मिळाले आहे ते मी अन्यत्र पाहिलेले नाही. दोन्ही सीझन सहा-सहा भागांचे आहेत; पाल्हाळ नाही.

‘कोहरा’विषयी वर ओझरते लिहिले, पण तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. लग्नासाठी परदेशातून पंजाबात आलेला तरुण लग्नाच्या तोंडावर शेतात मृतावस्थेत सापडतो आणि तपास बलबीर सिंग या उतारवयाकडे झुकलेल्या अधिकाऱ्याकडे येतो. सुविंदर विकी यांनी हा माणूस असा उभा केला आहे की त्याची कीव करावी की त्याचा तिटकारा करावा हे सहा भागांत माझे ठरले नाही. ज्या ‘लोक काय म्हणतील’ने मृताच्या घरी अनर्थ केला, तेच बलबीरच्या स्वतःच्या घरी, सासर सोडून आलेल्या मुलीच्या बाबतीत, रोज चालू असते, मात्र तेथे तो गुन्हा ठरत नाही. ही मालिका पंजाबीतच ऐकावी. डबिंगमध्ये तिचा निम्मा जीव जातो.

‘कोहरा’च्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या सुदीप शर्मा यांचीच ‘पाताल लोक’ आपण बहुधा पाहिली असेल. तिचा दुसरा सीझन जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे पहिल्यानंतर जवळजवळ पाच वर्षांनी आला आणि मला तो पहिल्याहून अधिक आवडला. याचे श्रेय मी नागालँडमधील राजकीय हत्येच्या गुंतागुंतीला देणार नाही; तो भाग मधूनमधून दमवतो. श्रेय आहे ते हाथीराम चौधरी आणि अन्सारी या दोन पोलिसांच्या नात्याला. पहिल्या सीझनमध्ये हाताखाली असलेला, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा अन्सारी आता एसीपी, म्हणजे त्याचा वरिष्ठ, होऊन आला आहे, आणि हाथीराम जेथल्या तेथेच आहे. त्यामुळे ‘सर’ कोणी कोणाला म्हणायचे याचा जो अवघडलेपणा दोघांमध्ये येतो, तो जयदीप अहलावत आणि इश्वाक सिंग यांनी फारसे काही न बोलता दाखवला आहे. दिग्दर्शक अविनाश अरुण हे ‘किल्ला’ या मराठी चित्रपटाचे दिग्दर्शक आहेत, हे ठाऊक असले की पात्रांना गप्प राहू देण्याची त्यांची सवय कोठून आली याचा अंदाज येतो.

मराठीत ‘मानवत मर्डर्स’ हे उदाहरण माझ्या मुद्द्याला फारच सोयीचे आहे, कारण परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात घडलेल्या त्या हत्या नरबळीच्या होत्या हे कित्येक मराठी घरांत आधीपासून माहीत आहे. तरीही सोनी लिव्हवर ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली ही मालिका खिळवून ठेवते, कारण मुंबईहून आलेले रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखे अधिकारी गप्प बसलेल्या गावाला बोलते कसे करतात हा तिचा विषय आहे. आशुतोष गोवारीकर यांनी कुलकर्णी साकारताना आवाज चढवणे जवळजवळ टाळले आहे. माझी तक्रार पार्श्वसंगीताबद्दल आहे. जेथे शांतता पुरेशी होती तेथेही ते आपल्याला घाबरायला सांगत राहते.

न आवडलेल्यांची यादी मोठी आहे, पण नमुन्यादाखल ‘सेक्रेड गेम्स’ घेते. २०१८ च्या पहिल्या सीझनमध्ये मुंबई वाचवण्यासाठीची पंचवीस दिवसांची मुदत पोलीस अधिकारी सरताज सिंगच्या आणि आपल्याही डोक्यावर टांगलेली होती. जितेंद्र जोशी यांनी साकारलेला त्याचा हवालदार काटेकर तर मी अजून विसरलेले नाही. दुसऱ्या सीझनमध्ये मात्र माणसांपेक्षा कट मोठा झाला, शेवट अधांतरी राहिला आणि तिसरा सीझन आलाच नाही. ज्या मालिकेने सगळी भिस्त ‘पुढे काय’वर ठेवली, तिचे ‘पुढे’च नाहीसे झाले की पुन्हा पाहण्यासारखे थोडेच उरते. मी तिचा पहिला सीझन दोनदा पाहिला आहे आणि दुसरा एकदाच.

आपण सुरुवात ‘केरला क्राइम फाइल्स’च्या पहिल्या सीझनने करावी असे मी सुचवीन, मूळ मल्याळममध्ये आणि सबटायटल लावून. ‘ॲडोलेसन्स’ सलग चारही भाग पाहायला बसू नये. तिसऱ्या भागानंतर निदान एक रात्र जाऊ द्यावी.