मुलांसाठी ट्रस्ट काढावा की जर्सीचा धंदा?

तुम्ही विचारलंय की गुहागरकडच्या चार वाड्यांतल्या साठ-सत्तर मुलांना कबड्डीच्या जर्सी आणि बूट द्यायचेत, तर त्यासाठी ट्रस्ट काढावा की स्पोर्ट्सवेअरचा धंदा सुरू करून नफ्यातून द्यावं. दोन्हींत फरक काय, हेही विचारलंय.

धंद्यात पैसे देणारा आणि जर्सी घालणारा बहुतेक वेळा एकच असतो. खांद्यात आवळली तर दुसऱ्या दिवशी तो ती आणून काउंटरवर टाकतो. संस्थेत पैसे मुंबईचा चाकरमानी देतो, घालतो आठवीतला पोरगा, आणि फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल कोण तक्रार करणार? वाटपाचा फोटो झकास येतो, जर्सी मात्र ट्रंकेत पडून राहते. गिऱ्हाईक जे काम फुकटात करून देतं, ते संस्थेला स्वतः करावं लागतं. माझ्या मते खरा फरक हाच, बाकी सगळी कागदपत्रं.

म्हणून इयत्तेवरून साइझ मागवू नका. एकाच वर्गात 28 चा मुलगा असतो आणि 34 चाही. 26 पासून 36 पर्यंत प्रत्येक साइझची एकेक नमुना जर्सी शाळेत न्या, मुलाच्या अंगात घाला, हात वर करायला सांगा आणि मग आकडा लिहा. बुटांसाठी टाच भिंतीला लावून कागदावर उभं करा, दोन्ही पावलं मापा, मोठं पाऊल धरा आणि सुमारे एक सेंटिमीटर जागा सोडा. जूनमध्ये घेतलेली मापं जानेवारीत चालत नाहीत. आणि आधी एवढं विचारा की मुलं मॅटवर खेळतात का. मातीवर कबड्डी अनवाणीच खेळतात, तिथे बूट वाटून उपयोग नाही.

आता धंद्याचं गणित. समजा 100 जर्सी नगाला 220 नी पडल्या आणि 350 नी विकल्या, तर 13,000 सुटले असं वाटतं. त्यातून वाहतूक जाते, चुकीच्या छपाईचे नग जातात, आणि 24 व 38 असे टोकाचे साइझ अंगावर पडतात. मंडळाचं नाव आणि नंबर छापलेली जर्सी दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, त्यामुळे निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय छपाईला देऊ नका. गावकीतली उधारी शिमग्यावरून गणपतीवर आणि गणपतीवरून परत शिमग्यावर जाते, हे तुम्हाला सांगायला नको. सब्लिमेशन छपाई, म्हणजे उष्णतेने रंग धाग्यात मुरवणारी, पॉलिएस्टरवरच नीट बसते. सुती कापडावर स्वस्त स्टिकर मारला की थोड्याच धुण्यांत कडा सुटतात. पावसाळ्यात मागणी जवळजवळ थांबते आणि गोदामात दमटपणा शिरतो. पीयू (पॉलियुरेथेन) सोलचे बूट अशा हवेत वर्षानुवर्षं पडले तर न घालताच सोलचा भुगा होतो. रबर किंवा ईव्हीए (हलका फोम) सोल घ्या. हे संस्थेच्या साठ्यालाही तितकंच लागू.

जीएसटीत 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्याच्या नगाला आता 5 टक्के दर आहे. नोंदणी असलेल्या दुकानदाराला खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो त्याच्या भरायच्या करातून वजा होतो. नोंदणी नसलेल्या ट्रस्टला तो कर खर्चातच धरावा लागतो.

ट्रस्टमध्ये घातलेला पैसा परत घेता येत नाही, आणि बंद करताना उरलेलं वाटूनही घेता येत नाही. आयकराच्या सवलतीसाठी साधारणपणे उत्पन्नाचा 85 टक्के भाग उद्दिष्टावर खर्च व्हावा लागतो. विश्वस्त बदलला तर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. बऱ्याच गावच्या संस्था इथेच अडकतात: जुना विश्वस्त वारतो, अर्ज कोणी देत नाही, आणि पुढे बँक नवी सही घेत नाही. देणगीदाराला 80 जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकर वजावटीची, सवलत हवी असेल तर 2,000 च्या वर रोख घेऊ नका. त्याने नवी करप्रणाली निवडली असेल, तर पावती असूनही वजावट मिळत नाही. हे आधीच सांगा, नाहीतर मार्चमध्ये फोन येतात.

दोन्ही एकत्र करता येतं. मुलांसाठी काम करणारी क्राय ही संस्था 1979 मध्ये मुंबईत सुरू झाली आणि ग्रीटिंग कार्डं विकून तिने बराच निधी उभा केला. पण विक्रीचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात. सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे ट्रस्टने विश्वस्ताच्याच दुकानातून जर्सी घेणं. बाजारभावापेक्षा दर जास्त निघाला तर करसवलत जाऊ शकते. घ्यायच्याच असतील तर बाहेरची दोन कोटेशन फाइलला लावा आणि त्या ठरावावर त्या विश्वस्ताची सही नको.

साठ-सत्तर मुलांसाठी मी नवा ट्रस्ट काढणार नाही. शाळा चालवणारी शिक्षण संस्था बहुधा आधीच नोंदलेली असते. तिच्याकडे 80 जी आहे का, आणि शेवटचा बदल अर्ज मंजूर झालाय का, हे विचारा. देणगी ‘क्रीडासाहित्यासाठी’ असं लिहून चेकने द्या. धंदा आवडीने करायचा असेल तर जरूर करा, पण ‘प्रत्येक जर्सीमागे 20 रुपये मुलांना’ अशी पाटी लावलीत, तर गिऱ्हाइकाला त्या वीस रुपयांची 80 जी पावती देता येणार नाही. ती विक्रीच असते. वीस रुपये तुमच्या खात्यातून संस्थेकडे गेले की पावती तुमच्या नावाने येते.